जास्वंदीवरचा पांढरा कापूस

2011 सालच्या जानेवारी महिन्यातील ही हकीकत आहे. आमच्या घरामागे, मोरीच्या भिंतीला लागून एक जास्वंद होती. लाल, साध्या पाच पाकळ्यांची. मोरीचे पाणी तिच्याच मुळाशी जात असल्याने ती पत्र्याच्या वर गेली होती आणि गल्लीतील बहुतेक घरांनी तिची फांदी नेऊन लावली होती. एके दिवशी सकाळी पत्नी मला म्हणाली, "अहो, जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं काहीतरी लागलंय. पानंही आकसलीत. मुंग्या तर बघा किती चढतात."

मी सदरा घालीत होतो. म्हणालो, "मावा असेल. साबणाचं पाणी मार."

"मावा मला कळतो. हा मावा नाही," ती म्हणाली.

मला कचेरीची वेळ गाठायची होती. मी गेलो. ते वाक्य तिथेच राहिले.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण माहेरी आली. परत जाताना तिने जास्वंदीच्या चार फांद्या मागितल्या. मीच त्या छाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एस.टी.त तिच्या हाती दिल्या. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरे काही होते, ते बोटाने पुसले. पुसले म्हणजे गेले, असा माझा समज. मी बी.कॉम. झालेला माणूस, जन्मभर बिले आणि व्हाउचरे तपासली. झाडाझुडपांतील मला काय कळणार? पण ज्या बाईला कळत होते तिचे तरी ऐकायला हवे होते.

बहिणीचे घर शिरूरकडे. मेव्हण्यांनी त्या वर्षी दुसऱ्याच्या दहा गुंठ्यांत निम्म्या वाट्याने पपई केली होती. सुमारे तीनशे झाडे. मे महिन्यात तिचा फोन आला. "दादा, पपईवर कुणी पीठ उधळल्यासारखं झालंय. पानाखाली, फळावर, सगळीकडे. हाताला चिकट लागतं. चुरडलं की पिवळं पाणी निघतं." रविवारी मी गेलो. तिच्या दाराशी लावलेली आमची जास्वंद वाळून चिपाड झाली होती आणि अंगभर पांढरी होती. तेथून वीस पावलांवर पपईची पहिली रांग होती. सर्वांत आधी तीच रांग गेली होती.

कीड माझ्या फांद्यांवरूनच गेली, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या सुमारास ती जिल्ह्यात इतरत्रही होती आणि तिची पिले वाऱ्यानेही उडत येतात. परंतु एवढे आकडे जुळल्यावर बेरीजच चुकली असेल, असे म्हणणे मला जमत नाही.

ही कीड आली कोठून?

तिला पपईवरील पिठ्या ढेकूण म्हणतात. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील. 1990 नंतरच्या काळात ती कॅरिबियन बेटांवर पसरली आणि आपल्या देशात 2008 साली तामिळनाडूत कोइमतूर येथे प्रथम आढळली. पुढच्याच वर्षी तिकडे पपई, तुती आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो टॅपिओका कंद, या पिकांची तिने दैना केली. दोन-तीन वर्षांत ती महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचली. नाव पपईचे असले तरी साठाहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर ती जगते. जास्वंद तिच्या विशेष आवडीची. आपल्या वस्तीतील पडीक जागेत माजणारे गाजरगवतही तिला चालते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वाचक भगिनींना एक प्रश्न पडेल. या किडीच्या मादीला पंख नसतात. मग ती मेक्सिकोतून कोइमतूरला आणि पुढे आमच्या मोरीपर्यंत चालत आली काय? नाही. तिला माणूस नेतो. रोपाबरोबर, फांदीबरोबर, फळांच्या खोक्याबरोबर, कधी अंगावरच्या कपड्यांबरोबर. एकेक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते, तोच तो पांढरा कापूस. ती झाडाचा रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. त्या गोडासाठी मुंग्या येतात आणि तिची राखणही करतात. त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. पत्नीने मला त्या सकाळी सांगितलेली तिन्ही लक्षणे, म्हणजे कापूस, आकसलेली पाने आणि मुंग्या, पुढे एका कृषी सहायकाच्या तोंडून मी जशीच्या तशी ऐकली.

अशी कीड मूळ देशात फारशी माजत नाही, कारण तिला खाणारे तिचे वैरी तेथे असतात. नव्या देशात ती एकटी येते, वैरी मागे राहतात. म्हणून 2010 साली बंगळूरच्या केंद्रीय कीटक संशोधन संस्थेने पोर्टो रिको येथून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणविले. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील, पण टाचणीच्या टोकाएवढे. त्यातील ॲसेरोफॅगस नावाचा कीटक सर्वांत उपयोगी ठरला. तो पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालतो, आतील अळी ढेकणाला पोखरून खाते आणि मागे तपकिरी, फुगीर, वाळका सांगाडा तेवढा उरतो. तामिळनाडूत हे कीटक सोडल्यावर काही महिन्यांतच किडीचा जोर ओसरला. एका किडीवर एवढा स्वस्त आणि बिनविषारी उपाय क्वचितच सापडतो.

मेव्हण्यांनी मात्र तोपर्यंत उधारीवर औषध आणून दोन वेळा फवारले होते. किडीच्या अंगावर मेणाचे पीठ असल्याने औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नव्हते. मरत होते ते ढालकिडे आणि कोळी, जे तिला खात होते. कृषी सहायक आले ते पहिले वाक्य बोलले, "पाहुणे, आधी पंप खाली ठेवा." आठवड्याने ते एक लहानशी डबी घेऊन आले. तिच्यात ते परोपजीवी होते. पावसाळा संपेतो उरलेल्या झाडांचे शेंडे हिरवे झाले. तीनशेपैकी एकशे चाळीस झाडे वाचली. मालकाचा वाटा आणि औषधाची उधारी वजा जाता त्या वर्षी बहिणीच्या हाती काहीही उरले नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

शेतावर पाहारा, अंगणात कोण?

सरकार काहीच करीत नाही असे नाही. परदेशातून येणाऱ्या रोपांची, बियांची बंदरांवर व विमानतळांवर तपासणी होते. त्यासाठीचा मूळ कायदा 1914 सालचा, आणि सध्याचा वनस्पती संगरोध आदेश 2003 सालचा आहे. आपल्या राज्यात 2009 पासून सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांवर किडींची पाहणी करून सल्ला देण्याची योजनाही आहे. परंतु ही पाहणी शेतात होते. आपल्या गॅलरीतील रंगाच्या डब्यात लावलेला टोमॅटो, चाळीच्या नळाशेजारची केळ, मोरीमागची जास्वंद येथे कोणताही अधिकारी येत नाही. आणि नवी कीड बहुतेक वेळा येते ती शहरातच. बाजार येथे, रोपवाटिका येथे, विमानतळ येथे. आखाती देशातून सुटीवर येणारा आपलाच भाऊ पिशवीत हौसेने एखादे रोप आणतो, तेही येथेच येते. तेव्हा ती पहिल्यांदा दिसते ती रोज पाणी घालणाऱ्या माणसाला.

यावर कोणी म्हणेल, एका माणसाच्या पाहण्याने काय होते? अमेरिकेतील दोन गावांची गोष्ट सांगतो. चीनमधून मालाच्या लाकडी खोक्यांतून लांब मिशांचा एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा तेथे गेला. तो मॅपलसारखी मोठी झाडे आतून पोखरतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात 2008 साली एका बाईला तो आपल्या परसात दिसला आणि तिने कळविले. परंतु तोवर त्याने तेथे कित्येक वर्षे मुक्काम केलेला होता. त्या भागात पुढे तीस हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. तेथून जवळच बोस्टन शहर आहे. तेथे 2010 साली एका रुग्णालयाच्या आवारात बागकाम करणाऱ्या कामगाराला तसाच भुंगेरा दिसला. त्यानेही कळविले. तपासणीत सहा झाडांनाच लागण सापडली. 2014 मध्ये बोस्टन त्या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तो गृहस्थ संशोधक नव्हता, रुग्णालयाचा माळी होता. वूस्टरच्या बाईंनीही आपले काम चोख केले, फक्त किडीने आधीच आघाडी घेतली होती.

उशिरा पाहिल्याचे आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर गाजरगवत घ्या. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सांगतात, आणि त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. तेव्हा ते चार जागी उपटले असते तर? आज त्याच्यामुळे अंगाला खाज आणि दमा होणारी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगेरा 1983 मध्ये आणला गेला. पावसाळ्यात तो पट्ट्यापट्ट्यांचा किडा गाजरगवतावर दिसला तर त्याला मारू नये. पण तो गवत खाऊन संपवील, अशी आशाही धरू नये.

आता आपल्या दारात काय पाहावे, ते सांगतो.

पेरू, केळ, नारळ यांपैकी काही दारी असेल तर पान उलटे करून पाहा. पानाच्या मागे पांढऱ्या मेणाची वर्तुळे, जणू कोणी पांढऱ्या खडूने चकलीचा वेढा काढला आहे, अशी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी. तिची एक जात, रुगोज नावाची, 2016 साली तामिळनाडूत पोल्लाचीला नारळावर प्रथम सापडली आणि नंतर आपल्या कोकणातही आली. खालची पाने काळी पडतात, घरातील माणसांना वाटते कारखान्याची काजळी बसली. हिच्यावरही जहाल औषध मारू नये, कारण तिचा परोपजीवी तिच्या मागोमाग आपणहून पसरलेला आहे. पानाच्या मागच्या बाजूस जोराने पाणी मारावे. काळ्या बुरशीवर तांदळाच्या पेजेची किंवा मैद्याची पातळ खळ शिंपडावी. शंभर भाग पाण्याला एक भाग पीठ. खळ वाळली की बुरशीचे पापुद्रे निघून पडतात. हा उपाय नारळ संशोधकांनी सांगितलेला आहे, माझ्या पदरचा नाही.

टोमॅटोच्या पानावर पांढरी वळवळती रेघ दिसली तर ती नागअळी, जुनी ओळखीची. तिने एवढे घाबरायला नको. परंतु रेघेऐवजी पानावर पारदर्शक, फुगल्यासारखा चट्टा असेल, आत काळी विष्ठा दिसत असेल आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढी छिद्रे असतील, तर ती टुटा नावाची दक्षिण अमेरिकेतील कीड समजावी. 2014 साली ती भारतात ज्या ठिकाणी प्रथम आढळली, त्यात पुणे जिल्हा होता. अशी पाने व फळे खुडून घट्ट बांधावीत, उकिरड्यावर टाकू नयेत.

शंखी गोगलगायीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तेथे मुलांच्या जीवाचा संबंध येतो. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली एका इंग्रज गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि बागेत सोडली. त्या एका हौसेची वसुली अजून चालू आहे. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, या जिल्ह्यांत हिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाल्ली. मुंबईच्या बागांतही ही पावसाळ्यात भिंतीवर चढलेली दिसते. मुले तिला खेळायला घेतात. तसे करू देऊ नये. तिच्या अंगात उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो आणि त्यापासून माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालूनच तिला उचलावे, मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकावे आणि हात धुवावेत. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट कोपऱ्यात पसरून ठेवले तर सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी दिसली तर तीही त्याच पाण्यात. कुंडीची माती विकत घेताना ही अंडीच पुष्कळदा घरी येतात.

केळीच्या बाबतीत रोगही सांगावा लागतो. पनामा मर नावाच्या रोगाची टीआर-4 ही नवी जात बिहार व उत्तर प्रदेशात सापडली आहे. बाहेरची पाने आधी पिवळी पडून बुंध्याशी मोडून लोंबतात, खोड आडवे कापले तर आत तपकिरी कडी दिसतात. तो मुनव्यांबरोबर आणि चपलेच्या मातीबरोबर जातो. गावाहून केळीचा मुनवा आणताना तो कोणत्या बागेतला आहे, तेवढे तरी विचारावे.

मात्र प्रत्येक डाग परदेशी समजून धावपळ करू नये. भेंडीचा केवडा, शेवग्यावरचे सुरवंट, लिंबाची आणि कढीपत्त्याची पाने खाणारी हिरवी अळी, ही सारी आपली जुनी मंडळी. त्या हिरव्या अळीचे तर सुंदर फुलपाखरू होते, चार पाने तिला खाऊ द्यावीत. जे आपल्या झाडावर यापूर्वी कधी पाहिले नाही, जे दोन-तीन वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच वेळी आले, जे आठवड्यात दुपटीने वाढले, ते विचारण्याजोगे. घरातील ज्या माणसाचा हात रोज झाडाला लागतो त्याला हा फरक कळतो. बहुधा ती बाई असते, आणि बहुधा तिला कोणी विचारीत नाही.

विचारायचे कसे? आधी कीड असलेले पान पारदर्शक पिशवीत घालून गाठ मारावी. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. झाड कोणते, रोप कोठून आणले, पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले हे वहीत लिहावे. कारकुनाची सवय म्हणा, पण तारीख नसलेल्या तक्रारीला कोठेच वजन नसते. मग तालुका कृषी अधिकारी, जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयाचा कीटकशास्त्र विभाग गाठावा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. 2024 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही मोबाईलवर आहे. तिच्यात फोटो पाठविला की कीड कोणती ते समजते. हे सारे शेतकऱ्यांसाठी, आपण कोण, असा संकोच करू नये. मला एका कचेरीत "तुमचा सातबारा कुठे आहे?" असे विचारले गेले होते. एक कुंडी आहे, असे सांगून मी पिशवी टेबलावर ठेवली. तेथील एका बाईंनी उठून भिंग आणले, तेव्हा कोठे काम झाले.

उत्तर येईपर्यंत त्या झाडाची फांदी, फूल, बी कोणालाही देऊ नये. हे सर्वांत कठीण. आपल्याकडे रोप मागितले तर नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. कापलेल्या फांद्या नाल्यात किंवा भिंतीपलीकडे फेकू नयेत. काळ्या पिशवीत बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवाव्यात आणि मग कचऱ्यात द्याव्यात.

आमची जास्वंद आम्ही त्याच जूनमध्ये मुळासकट काढली. ज्या पाच घरांना मी फांद्या दिल्या होत्या तेथे जाऊन सांगितले. चौघांनी काढल्या. पाचव्या घरच्या मावशी मात्र रागावल्या. "तूच दिलीस आणि आता तूच उपटायला आलास होय रे?" म्हणाल्या. त्या जास्वंदीवर पुढे परोपजीवी बसले असावेत, कारण वर्षाने ती आपोआप सुधारली. मावशी मला अजून ऐकवितात.

गेल्या महिन्यात बहिणीने दोन पिवळ्या जास्वंदी पाठविल्या. भाचा मोटारसायकलवरून घेऊन आला. मी त्या भिंतीशी लावण्याकरिता कुदळ घेतली, तोच पत्नी आतून म्हणाली, "अहो, तिकडे नाही. गच्चीवर, टाकीच्या पलीकडे ठेवा. पंधरा दिवस." तिने कुंडीवर खडूने तारीख घातली. सध्या रोज सकाळी ती चष्मा लावून पाने उलटी करून पाहते, आणि मी पाण्याचा तांब्या धरून उभा असतो. आज नववा दिवस आहे.